वन्यजीवांचा चोरटा व्यापार आणि सीमापार सहविचार : चारठाणा परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक आढावा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, जिंतूरहून मंठ्यामार्गे जालन्यास जाणाऱ्या रस्त्यावर चारठाणा हे गाव आहे. यादवकालीन मंदिरे, बारव आणि उंच कोरीव स्तंभ यांमुळे मराठवाड्याच्या स्थापत्याचा अभ्यास करणाऱ्यांस ते सुपरिचित आहे. वन्यजीवांच्या चोरट्या व्यापाराचा विचार करताना मात्र त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. हा विषय निघाला की मुंबईचे बंदर, नेपाळची सीमा किंवा मेळघाटचे अरण्य हीच स्थळे डोळ्यांसमोर येतात. परंतु या व्यापारास आळा घालण्यासाठी निरनिराळ्या सत्तांनी एकत्र बसून विचार करण्याची जी पद्धत गेल्या सव्वाशे वर्षांत हळूहळू घडत गेली, तिचे मर्म जाणून घ्यावयाचे असेल तर सीमेजवळच्या एखाद्या सामान्य गावापासून आरंभ करणे उपयुक्त ठरते. चारठाणा हे अशा गावांपैकी एक होय.

या आरंभास आणखीही एक कारण आहे. भारतीय संसदेने १९७२ साली केलेल्या अधिनियमांत ५२ क्रमांकाचा अधिनियम पुराणवस्तू व कलानिधी यांच्याविषयी आहे, आणि त्याच्या लगतचा ५३ क्रमांकाचा अधिनियम वन्यजीवांच्या संरक्षणाविषयी आहे. दोहोंवर ९ सप्टेंबर १९७२ ही एकच तारीख आहे. हा योगायोग असेल. पण तो अर्थशून्य नाही. देवळातील मूर्ती आणि माळावरील प्राणी या दोहोंच्या चोरीत एक साम्य असते. आपल्या जागी असता त्यांची किंमत पैशांत होत नाही. जागेवरून हलविल्याबरोबर ती होऊ लागते, आणि जितक्या अधिक सीमा ओलांडल्या जातात तितकी ती वाढत जाते. म्हणूनच सांस्कृतिक वस्तूंसाठी १९७० चा पॅरिस येथील करार आणि वन्यजीवांसाठी १९७३ चा वॉशिंग्टन येथील करार हे जवळजवळ एकाच काळात अस्तित्वात आले. मुळात स्थानिक असणारी चोरी सीमेच्या आधाराने व्यापाराचे रूप घेते, आणि तिचा प्रतिबंधही सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकत्र आल्यावाचून होत नाही, हे दोन्ही प्रकरणांतील समान सूत्र होय.

१. सीमेजवळचे गाव

जिंतूर तालुक्याच्या उत्तरेस बुलढाणा जिल्हा लागतो. हा जिल्हा वऱ्हाडचा. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला आणि १९०२ च्या करारान्वये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. त्यामुळे जवळजवळ एक शतकभर चारठाण्याचा परिसर निजामाच्या मुलखात आणि त्याच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेश इंग्रजी अंमलाखाली, अशी स्थिती होती. भाषा एक, पिके एक, बाजाररहाट परस्परांत मिसळलेली. कायदे मात्र वेगळे.

हा भेद वन्यजीवांच्या बाबतीत कसा परिणामकारक ठरतो, हे १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यावरून दिसून येते. ब्रिटिश हिंदुस्थानातील या कायद्याने परिशिष्टात नमूद केलेल्या पशुपक्ष्यांसाठी बंदीचा हंगाम ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. मोर, तितर, माळढोक यांसारखे पक्षी आणि हरणांच्या जाती त्या परिशिष्टात होत्या. या कायद्याने केवळ मारण्यास अथवा पकडण्यास बंदी केली नाही. बंदीच्या हंगामात मारलेला वा पकडलेला प्राणी विकणे, विकत घेणे किंवा जवळ बाळगणे हेही गुन्हे ठरविले. म्हणजे शिकारीबरोबर बाजारावरही नियंत्रण हवे, हे तत्त्व त्यात आले होते. परंतु संस्थानांना हा कायदा लागू नव्हता. निजामाच्या मुलखात शिकार व जंगल यांविषयी दरबाराचा स्वतंत्र अधिकार चाले. एका बाजूस विक्रीची बंदी आणि दुसऱ्या बाजूस निराळी व्यवस्था असल्यास बंदीचे सामर्थ्य सीमेच्या दगडापाशी संपते. वाहून नेणाऱ्यास मात्र तो दगड अडवीत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातही ही स्थिती तत्काळ पालटली नाही. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा आपला स्वतंत्र कायदा केला. त्या वेळी परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. सबब तो कायदा चारठाण्यास लागू झाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. एकाच गावातील एकाच पिढीने निजामी अंमल, हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशा चार राजवटी पाहिल्या. माळावरील काळविटास यांपैकी एकही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

२. आरंभीचे प्रयत्न

एका टोकास बंदी आणि दुसऱ्या टोकास मोकळीक, या विसंगतीचे जुने उदाहरण पिसांच्या व्यापारात सापडते. युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी पक्ष्यांच्या पिसांस मोठी मागणी होती. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली १८७८ च्या समुद्री जकात कायद्याच्या आधारे पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. आयातीवर बंदी घालणारा कायदा ब्रिटनच्या पार्लमेंटने केला तो १९२१ साली. मधल्या एकोणीस वर्षांत एकाच साम्राज्याच्या एका बंदरात जो माल निषिद्ध होता, तो दुसऱ्या बंदरात उघडपणे विकता येत होता. जकातीचा अधिकारी आपल्या धक्क्यावर कितीही दक्ष राहिला, तरी खरेदीदाराच्या देशाची संमती नसता त्याच्या दक्षतेस मर्यादा पडते, हा धडा या प्रकरणाने दिला.

सत्तांनी एकत्र बसून या विषयाचा विचार करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न आफ्रिकेच्या संदर्भात झाला. १९०० साली लंडन येथे आफ्रिकेत वसाहती असणाऱ्या युरोपीय सत्तांनी वन्यप्राण्यांच्या रक्षणार्थ एका करारावर सह्या केल्या. परंतु तो अमलात येऊ शकला नाही. १९३३ साली तेथेच दुसरा करार झाला व तो १९३६ साली अमलात आला. हस्तिदंतासारख्या वस्तूंच्या निर्यातीस दाखला असावा, ही कल्पना त्यात आढळते. या दोन्ही परिषदांचे एक वैगुण्य आज स्पष्ट दिसते. ज्या आफ्रिकेविषयी निर्णय होत होते तेथील लोकांस त्या सभेत स्थान नव्हते. ही उणीव पुढील इतिहासात वेगवेगळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा प्रकट झालेली आढळेल.

हिंदुस्थानात १९३५ च्या जानेवारी महिन्यात दिल्ली येथे वन्यजीवांच्या रक्षणासंबंधी अखिल भारतीय परिषद भरली. मुंबईची १८८३ साली स्थापन झालेली नैसर्गिक इतिहास संस्था त्या काळी या विषयातील अभ्यासाचे प्रमुख केंद्र होती. विषय प्रांतांच्या अखत्यारीतील, प्राणी मात्र सर्व प्रांतांचे, ही अडचण देशपातळीवर विचारात घेण्याचा प्रयत्न या परिषदेने केला. तिला कायद्याचे बळ नव्हते; पुढील काळात सीमापार सहविचाराची जी परंपरा निर्माण झाली तिची भारतातील पूर्वसूचना म्हणून तिचे महत्त्व आहे.

३. एक कायदा, अनेक राज्ये

१९५२ साली भारतीय वन्यजीव मंडळाची स्थापना झाली. राज्यघटनेनुसार वन्यप्राणी व पक्षी यांचे संरक्षण हा तेव्हा राज्यसूचीतील विषय होता. संसदेस देशव्यापी कायदा करावयाचा तर राज्यांची संमती घेणे आवश्यक होते. त्यामुळे १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाखाली, ११ राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांच्या आधारे करण्यात आला आणि इतर राज्यांनी तो मागाहून स्वीकारला. भारतातील वन्यजीव-संरक्षणाचा पायाच अशा रीतीने राज्यांच्या परस्पर संमतीवर उभा आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७७ च्या जानेवारीपासून हा विषय समवर्ती सूचीत आला.

कायदा एक झाला तरी एक अंतर्गत सीमा उरली होती. जम्मू-काश्मीर राज्यास १९७२ चा अधिनियम लागू नव्हता. तिबेटच्या पठारावरील चिरू नावाच्या मृगाच्या लोकरीपासून शहातूश शाली विणल्या जात. या मृगाच्या वस्तूंचा आंतरराष्ट्रीय व्यापार वॉशिंग्टन कराराने निषिद्ध केला होता आणि उर्वरित भारतातही तो गुन्हा होता. काश्मीरमध्ये मात्र २००२ साली तेथील कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत या विणकामास आश्रय मिळत राहिला. चिरू मारला जाई तिबेटात, शाल विणली जाई काश्मिरात आणि गिऱ्हाईक असे युरोपात. निजामी मुलूख आणि वऱ्हाड यांच्या सीमेवर जे लहान प्रमाणात संभवत होते, तेच येथे मोठ्या प्रमाणात घडलेले दिसते.

३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टन येथे ८० देशांच्या प्रतिनिधींच्या संमतीने संकटग्रस्त वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा करार सिद्ध झाला. तो १ जुलै १९७५ रोजी अमलात आला. भारताने १९७६ साली त्यास मान्यता दिली आणि १८ ऑक्टोबर १९७६ पासून तो भारतास लागू झाला. या करारातील एक योजना विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक सदस्य-देशाने एक व्यवस्थापन अधिकारी आणि एक वैज्ञानिक अधिकारी नेमावा व त्यांनी परस्परांशी थेट पत्रव्यवहार करावा, असे बंधन तीत आहे. परवाना कोणी द्यावयाचा आणि तो खरा की खोटा हे कोणास विचारावयाचे, याचे उत्तर प्रथमच निश्चित झाले. सदस्य-देशांची तिसरी परिषद १९८१ साली नवी दिल्ली येथे भरली.

भारतीय कायद्यातही व्यापाराचा विचार क्रमाक्रमाने पुढे आला. १९८६ च्या दुरुस्तीने अनुसूचित प्राण्यांपासून केलेल्या वस्तूंच्या व्यापारावर बंदी घालणारे स्वतंत्र प्रकरण जोडले. १९९१ च्या दुरुस्तीने छंदासाठी होणाऱ्या परवानाधारी शिकारीचा मार्ग बंद केला आणि आयात हस्तिदंताचा व्यापारही निषिद्ध ठरविला. २००२ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढविल्या व अशा व्यापारातून मिळविलेली मालमत्ता जप्त करण्याची तरतूद केली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने सहा अनुसूचींच्या जागी चार केल्या आणि वॉशिंग्टन करारातील जातींसाठी त्यांतील एक राखून ठेवली. अशा रीतीने आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेली यादी पन्नास वर्षांनी देशाच्या कायद्याचा प्रत्यक्ष भाग बनली.

४. परिषदांपासून यंत्रणेपर्यंत

कायद्याची अशी वाढ होत असताना व्यापारही स्वस्थ बसला नव्हता. २००० च्या जानेवारीत उत्तर प्रदेशातील खागा येथे एकाच ठिकाणी बिबट्यांची ७० आणि वाघांची ४ कातडी पकडली गेली. त्यांबरोबर बिबट्यांच्या अठरा हजारांहून अधिक नख्या होत्या. कातडी सत्तर आणि नख्या अठरा हजार, या विषम प्रमाणाचा अर्थ उघड होता : यापूर्वी कित्येक पटींनी अधिक माल पुढे गेलेला होता. २००३ च्या ऑक्टोबरात तिबेटमधील सांगसांग येथे एकाच वाहनात वाघांची ३१, बिबट्यांची ५८१ आणि पाणमांजरांची ७७८ कातडी सापडली. २००४-०५ साली राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघडकीस आले. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृतिदलाने २००५ साली अहवाल सादर केला. त्या अहवालाचे शीर्षकच सुटे दुवे जोडण्याच्या अर्थाचे होते.

असे दुवे जोडणारी यंत्रणा हवी, हा विचार त्यापूर्वीही मांडला गेला होता. १९९४ साली एस. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वन्यजीव-गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पथकाची शिफारस केली होती. तिला मूर्त रूप येण्यास बारा-तेरा वर्षे लागली. २००६ च्या दुरुस्तीनंतर २००७ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग अस्तित्वात आला. वन, पोलीस आणि सीमाशुल्क या तिन्ही खात्यांतील अधिकारी त्यात प्रतिनियुक्तीवर येतात. ज्यांनी पूर्वी वर्षाकाठी एखाद्या बैठकीत भेटावयाचे त्यांस एका छताखाली बसविण्याचा हा प्रयोग होता.

आफ्रिकेत हाच प्रवास थोडा आधी झाला होता. १९९२ साली आफ्रिकी देशांतील वन्यजीव-कायद्याची अंमलबजावणी करणारे अधिकारी झांबियाची राजधानी लुसाका येथे एकत्र आले. तेथील चर्चेतून १९९४ चा लुसाका करार जन्मास आला व तो १९९६ साली अमलात आला. लंडनच्या परिषदांत आफ्रिकेला जे स्थान नव्हते ते आफ्रिकी अधिकाऱ्यांनी येथे स्वतः निर्माण केले. आग्नेय आशियातील देशांनी २००५ साली असेच जाळे उभारले.

दक्षिण आशियात या दिशेने पडलेल्या पावलांत १९९५ साली भारत व चीन यांच्यात व्याघ्र-संरक्षणाविषयी झालेल्या समझोत्याचा उल्लेख करावयास हवा. व्यापक प्रादेशिक प्रयत्न मात्र २००८ साली आकारास आला. त्या वर्षी काठमांडू येथे दक्षिण आशियाई देशांची कार्यशाळा झाली व पुढे जयपूर येथील मंत्रिस्तरीय बैठकीत वन्यजीव-व्यापाराविरुद्ध एकत्र काम करण्याचे जाहीर झाले. २०११ च्या जानेवारीत भूतानमधील पारो येथे भरलेल्या बैठकीत दक्षिण आशिया वन्यजीव अंमलबजावणी जाळ्याची विधिवत् स्थापना झाली. अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान, भारत, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका हे आठ देश त्यात आहेत; सचिवालय काठमांडू येथे आहे. त्याची घटना स्वीकारण्यास भारताच्या मंत्रिमंडळाने २०१६ साली मान्यता दिली आणि २०१८ साली कोलकाता येथे या देशांची बैठक झाली. याच २०१६ साली इस्लामाबाद येथे व्हावयाची सार्क राष्ट्रप्रमुखांची परिषद होऊ शकली नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. राष्ट्रप्रमुख जेथे एकत्र येऊ शकत नाहीत तेथेही या विषयाचे अधिकारी एकत्र येऊ शकले, ही गोष्ट सामान्य नव्हे.

५. संयोजकाचे कार्य

परिषद भरली आणि ठराव झाला एवढ्याने व्यापार थांबत नाही. बैठकीचे यश तिच्या संयोजनावर पुष्कळसे अवलंबून असते, आणि हे संयोजन पाहुण्यांची उतरण्याची सोय करण्यापुरते मर्यादित नसते. त्याची काही अंगे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले अंग भाषेचे. मराठीत ज्यास खवले मांजर म्हणतात त्यास नेपाळीत सालक आणि बंगालीत बनरुई म्हणतात. निरनिराळ्या ठिकाणी पकडलेला माल एकाच जातीचा आहे हे कागदावर उमगण्यास शास्त्रीय नाव आणि मालाची समान ओळख लागते. दुसरे अंग पुराव्याचे. एका देशातील पंचनामा दुसऱ्या देशातील न्यायालयात उपयोगी पडावा तर मुद्देमाल कसा बांधावा, नमुना कोठे तपासावा आणि नोंदी कशा ठेवाव्यात, याविषयी एकवाक्यता हवी. तिसरे अंग विश्वासाचे. वनाधिकाऱ्यास आपला खबऱ्या गुप्त ठेवावयाचा असतो, सीमाशुल्क अधिकाऱ्यास आपली नोंद उघड करावयाची नसते, आणि पोलिसास आपला तपास दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यावयाचा नसतो. यांतील प्रत्येकाचा संकोच सकारण असतो. तो दूर करण्यास ठरावापेक्षा परिचय अधिक उपयोगी पडतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी संपर्कासाठी एक निश्चित अधिकारी नेमण्यावर अशा सभांत भर दिला जातो. चौथे अंग इतिवृत्ताचे. कोणी, काय, केव्हापर्यंत करावयाचे हे ज्यात लिहिलेले नाही, ते इतिवृत्त पुढील सभेच्या वेळी केवळ स्मरणपत्र म्हणून उरते.

हे सर्व साधले की काय घडू शकते याचे एक उदाहरण २०१९ चे आहे. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले भारतीय स्टार कासव पाळीव प्राणी म्हणून परदेशांत चोरून विकले जाते. या जातीचा नैसर्गिक आढळ भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका येथे आहे. जिनेव्हा येथील परिषदेत भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि सेनेगल यांनी मिळून प्रस्ताव मांडला व हे कासव वॉशिंग्टन कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार त्यामुळे जवळजवळ पूर्णतः निषिद्ध झाला. एका देशाने एकट्याने केलेल्या मागणीस असे वजन सहसा येत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण मेळघाटचे आहे. २०१३ च्या सुमारास उघडकीस आलेल्या वाघांच्या शिकारीचा माग मध्य प्रदेशातील कटनी आणि तेथून उत्तरेतील खरेदीदारांपर्यंत गेला. वनखात्याने भ्रमणध्वनीच्या नोंदी तपासण्यासाठी मेळघाटात स्वतंत्र कक्ष उभारला. जंगलातील पाऊलखुणांचा शोध अशा रीतीने दूरध्वनीच्या नोंदींपर्यंत पोहोचला, आणि दुसऱ्या राज्याच्या सहकार्यावाचून तपास पुढे सरकत नाही ही गोष्ट व्यवहारात पटली.

६. सभेतील रिकामी जागा

या संपूर्ण इतिहासात सभेचे वर्तुळ क्रमाने विस्तारत गेले आहे. प्रथम वसाहतींच्या सत्ता, नंतर प्रांत, मग राज्ये, खाती आणि अखेर शेजारी राष्ट्रे तीत आली. एक जागा मात्र बहुधा रिकामी राहिली. ती जागा ज्या माळावर अथवा जंगलात प्राणी पकडला जातो तेथील माणसाची होय.

मराठवाड्याच्या माळांवर हे माणूस म्हणजे पुष्कळदा फासेपारधी. फाशाने तितर, लावे, हरणे धरणे हे त्यांचे परंपरागत उपजीविकेचे साधन. जमातीचे नावच त्यावरून पडले. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढविली. जन्मानेच गुन्हेगार ठरविणारा हा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पूर्वग्रह टिकून राहिला. त्यानंतर दोनच दशकांनी वन्यजीव अधिनियम आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर जुन्या उपजीविकेस कायद्यात काहीच जागा उरली नाही. संरक्षणाचा हा निर्णय प्राण्यांच्या दृष्टीने आवश्यक होता, यात संशय नाही. तथापि ज्यांचे साधन गेले त्यांना पर्यायी साधन देण्याची चर्चा त्याच सभेत, त्याच निकडीने झाली असे दिसत नाही.

याचा परिणाम व्यापाराच्या रचनेवर होतो. या साखळीत पहिल्या दुव्यास सर्वांत कमी पैसा मिळतो आणि पकडले जाण्याचा धोका मात्र त्यालाच सर्वांत अधिक असतो. मांडुळाचे उदाहरण घ्यावे. शेपटी बोथट असल्याने दुतोंड्या समजला जाणारा हा निरुपद्रवी साप शेतातील उंदीर खातो. त्याच्यामुळे धन मिळते अशी समजूत पसरल्यापासून वजनावर त्याची किंमत बोलली जाऊ लागली. मांडूळ विकावयास आणले म्हणून झालेल्या अटकांची वृत्ते महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत वारंवार येतात. ते विकत घेणारा अखेरचा मनुष्य मात्र त्या वृत्तांत क्वचितच सापडतो. अशा वेळी पहिल्या दुव्यास केवळ आरोपी मानणे हे तपासाच्या दृष्टीनेही नुकसानीचे ठरते. कारण मागणी कोठून आली हे सांगू शकणारा तो पहिला साक्षीदारही असतो.

त्याच्याजवळ ज्ञानही असते. वनखात्यात दीर्घकाळ काम केलेले मारुती चितमपल्ली यांनी मराठीत पक्ष्यांचे व प्राण्यांचे जे ज्ञान संकलित केले त्यात रानात राहणाऱ्या जमातींकडून मिळालेल्या नावांचा व निरीक्षणांचा वाटा मोठा आहे. ज्या ज्ञानाने फास लावला जातो त्याच ज्ञानाने तो शोधताही येतो. प्रादेशिक सभांच्या विषयपत्रिकेत या ज्ञानास स्थान मिळाले तर सभेचे निर्णय माळापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सुकर होईल. हीच गोष्ट वनरक्षकाची. परिषदेत ठरलेल्या प्रत्येक गोष्टीची अंमलबजावणी शेवटी त्याच्या हातून होते. इतिवृत्त मात्र त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

७. समारोप

२०१९ च्या जून महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता. म्हणून त्याचा मार्ग कागदावर उतरला. महाराष्ट्राची सीमा ओलांडून तो तेलंगणातील आदिलाबादकडे गेला, परत आला, आणि हिंगोली, वाशीम असे जिल्हे मागे टाकीत डिसेंबरपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. जिंतूर तालुक्याच्या पूर्वेस हिंगोली जिल्हा आणि उत्तरेस बुलढाणा जिल्हा. एका शतकापूर्वी या मार्गावर निजामाचा मुलूख आणि इंग्रजी वऱ्हाड अशा दोन सत्ता होत्या; आज दोन राज्ये, अनेक जिल्हे आणि अनेक वनविभाग आहेत. इतक्या हद्दींतून तो वाघ सुखरूप गेला, याचे श्रेय वाटेतील शेतकऱ्यांनाही द्यावे लागते. कारण एवढ्या वाटेवर सर्वत्र पहारा ठेवणे कोणत्याही खात्यास शक्य नव्हते.

या घटनेत सीमापार सहविचाराच्या इतिहासाचे सार आले आहे. सत्तांमधील सीमा व्यापाऱ्याच्या उपयोगी पडते, म्हणून ती ओलांडणारी मैत्री संरक्षकांस जोडावी लागते. लंडनपासून लुसाकापर्यंत आणि दिल्लीपासून पारोपर्यंत भरलेल्या सभांनी ती काही अंशी जोडली आहे. यापुढील काम तीच मैत्री काठमांडूच्या सचिवालयापासून चारठाण्याच्या शिवारापर्यंत उतरविण्याचे आहे. चारठाण्याच्या मंदिरांतील मूर्ती ज्या कायद्याने राखावयाच्या आणि त्याच्या माळावरील प्राणी ज्या कायद्याने राखावयाचे ते दोन कायदे एकाच दिवशी मंजूर झाले. दोहोंचा अनुभव असा की, मूर्ती असो वा मृग, ज्यांच्या गावची ती वस्तू आहे त्यांना तिच्या रक्षणात आपला वाटा आहे असे वाटेपर्यंत दूरच्या सभेतील ठरावास पूर्ण बळ येत नाही.